फुल एक, परळी

हत्तीखान्यातले दगडी हत्ती अजून अंधारातच होते
तेव्हा मी अंबाजोगाई सोडली.
पायांत भाचीचे जुने बूट, पिशवीत दोन दशम्या, शेंगाचटणी
आणि भाचीनंच मोबाइलात आखून दिलेली एक निळी रेघ.
रेघेवर जा म्हणाली आत्या, चुकायची नाहीस.

मी आणि चुकणार!
सत्तावीस वर्षं हा रस्ता मी उभ्यानं केला,
दांड्याला कोपर अडकवून, ओल्या बोटानं चिल्लर मोजत.
गिरवली, कन्हेरवाडी, परळी :
नावं ओरडले. गावं पाहिली नाहीत.
खिडकी कायम कुणाच्या तरी डोक्याआड.

ती गोष्ट इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.
नवरी कोकणातली, लगीन परळीच्या वैजनाथाशी.
वऱ्हाड इथवर आलं आणि मुहूर्त टळला.
हत्ती, वाजंत्री, करवल्या, जो जिथं होता तिथं दगड.
नवरी देवी झाली, अंबाजोगाईतच राहिली.
उरलेला रस्ता तिनं चाललाच नाही.
म्हटलं, बघावं तरी चालून
आहे तरी केवढा.

डांबर सोडलं की जुनी वाट लागते,
बैलगाडीच्याही आधीची.
सीताफळीच्या झुडपांतून उतरते, मध्येच नांगरटीत बुडते,
पुढच्या बांधावर पुन्हा डोकं काढते.
एका बारवेच्या सोळा पायऱ्या मी मोजल्या,
सतरावी पाण्यात होती, अठरावी असेल.
कुण्या काळच्या पावलांनी मधोमध झिजलेल्या,
पाय ठेवला की आपोआप त्याच खळग्यात बसतो.
तिथं दशमी खाल्ली. एक मुंगूस लांबून बघत राहिलं.

कापूस वेचणाऱ्या इंदूबाई केंद्रे ओटा सावरत म्हणाल्या,
कुणीकडं?
परळीला.
नवस?
नाही, सुट्टी.
त्या एवढ्या हसल्या की ओट्यातली चार बोंडं सांडली.
सुट्टीत माणूस बसतं, बाई!
मग तुरीच्या कोवळ्या शेंगा पदरात घातल्या,
जोडीला कुणी नाही का, विचारलं.
मी निळी रेघ दाखवली.
त्यांनी ती बोटानं पुसून पाहिली.

माझंही एक स्थळ परळीचंच होतं.
पत्रिका छापून झाल्या होत्या, हळद भिजली होती.
मुहूर्त टळायला तिथं कोंबडा आरवला नाही,
बुलेट गाडी आडवी आली.
अण्णांकडं तेवढे नव्हते.
पुढं मी त्याला कितीदा तिकीट दिलं असेल,
फुल एक, परळी,
सुटे पैसे मोजून हातावर ठेवले.
दगड होतात म्हणे माणसं.
मी झाले नाही. ड्युटी होती.

दुपारी घाटात मागून हॉर्न.
सव्वाएकची गाडी, स्टेअरिंगवर मुस्तकीम.
ब्रेक मारला, दार उघडलं,
बाई, बसा, तुम्हाला कशाचं तिकीट!
आत गार सावली होती, खिडकीपाशी एक जागाही मोकळी.
टाचेवर फोड आला होता, खोटं कशाला बोलू.
मी पत्र्यावर हात मारला,
दोनदा.
अंगवळणी पडलेलं, त्याच्या आणि माझ्याही.
गाडी गेली.

मग शिखराच्या आधी चिमण्या दिसतात, विजेच्या.
ज्वारीच्या पानांवर करडी राख,
बोटानं नाव लिहावं इतकी.
मी लिहिलं नाही.

पोचले तेव्हा दिवे लागले होते.
पायऱ्यांखाली बेल-फुलं विकणारं पोरगं म्हणालं,
रात्री उशिरापर्यंत उघडं आहे, मावशी,
दम घ्या.
परळीत मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.
इथं मी नेहमी घड्याळ बघत उतरायचे, घड्याळ बघत चढायचे.

खालच्या पायरीवर बसले,
एका बुटाची नाडी सोडली.
दुसऱ्याची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती,
ती सोडवत राहिले.